पथ्य पाळलंत ना?

"कोलेस्टेरॉल अर्ध्यावर आलंय," रिपोर्ट वाचत डॉक्टर म्हणाले.

"येणारच. लोणी बंद, साय बंद," बायको म्हणाली. "पँटसुद्धा सैल झालीय यांची. डोळ्यांत तेल घालून बसले होते मी. घरात सढळ हाताने वापरलेलं तेवढंच तेल."

डॉक्टर हसले नाहीत. "पथ्यामुळे उतरलं असेल तर उत्तमच. पण तसं नसेल, तर आत काहीतरी बिघडलंय. मग लगेच तपासण्या करायला हव्यात. म्हणून यांनाच विचारतो. पथ्य पाळलंत ना?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचा आनंद होता. त्याला आपली बेकरी आठवली, भट्टीमागे दडवलेला लोण्याचा डबा आठवला, आणि त्यात बुडवून रोज खाल्लेले गरम पाव.

"अगदी काटेकोर," तो म्हणाला.

डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला. "मग काळजी नाही. आहे तेच चालू ठेवा."

नवरा उठला आणि त्याने घसरणारी पँट वर ओढली.