मागे पडणारा आवाज

लग्नाच्या एका व्हिडिओचं मिक्सिंग करता करता धामणगाव बढ्याच्या रुपालीचं डोकं उठलं होतं. अख्खं लग्न नीट उतरलं होतं. फक्त नवरीचे वडील लेकीला आशीर्वाद देतात, तिथंच आवाज ओठांच्या मागे पडत होता. तिनं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, रॅम पुसून बसवली, आवाज हातानं पुढे सरकवून पाहिला. एका शब्दाला बसला की पुढच्या शब्दाला घसरायचा. शेवटी तिनं हात टेकले, तेवढ्यात नवरीचे काका वैजनाथ पेनड्राइव्ह न्यायला आले.

"काका, मशीनच बसली वाटते. नवरीच्या बाबांचा आवाज ओठाले जुळूनच नाही राह्यला."

काकांनी तेवढा तुकडा पाहिला.

"मशीनले काऊन नावं ठेवतं, पोरी? लकवा मारल्यापासून दादाले बोलता येत नाही. ओठ तो हलवत होता. क्यामेऱ्याजवळ उभा राहून बोलत मी होतो."

रुपालीनं तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.

"आधी त्याचे ओठ वाचा लागतात, मंग बोला लागते," काका म्हणाले. "तेवढा उशीर त होतेच."