उतारावरचा पसारा

जुन्या धिप्पाड जीपगाडीखाली मेकॅनिक उताणा पडला होता. घरासमोरचा रस्ता उताराचा. ब्रेकच्या तेलाची नळी फुटलेली, हँडब्रेकने केव्हाच मान टाकलेली, त्यामुळे गाडी नुसती गिअरवर उभी. आणि गिअर चाकांना जोडणारा लांब दांडाच तो आता खोलत होता. दांडा सुटला की गिअर असून नसल्यासारखा! म्हणून तर त्याने आधीच मागच्या चाकाला भलामोठा दगड लावला होता, वर दोन लाथा मारून बघितला होता.

"अहो, केवढा हा पसारा! आवरा की जरा," बायको मघाशी दारातून ओरडली होती.

"झालंच गं!" तो खालूनच म्हणाला होता.

शेवटचा बोल्ट निघाला, दांडा छातीवर आला. वर गाडी कुरकुरली, तसा त्याला दरदरून घाम फुटला. मग दगड आठवला आणि त्याच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात शेजारी चपला वाजल्या.



"अहो, आवरला बाई मीच सगळा पसारा. चाकापाशी टाकलेला तो दगडसुद्धा मघाशीच ढकलत कुंपणापाशी नेला. आता चालू द्या तुमचं निवांत!"