सभागृहात नेलेली बाटली

नारपोलीच्या नळाला कापड रंगवणाऱ्या डाइंग कारखान्यांचं तांबडं पाणी येतं, हे विधानसभेत सांगून सांगून आमदार तुळशीरामभाऊंचा घसा बसला. कुणी मनावर घेईना. शेवटी अधिवेशन संपायच्या दिवशी त्यांनी तिथल्याच एका गल्लीतल्या कमळावहिनींच्या हंड्यातलं पाणी सरबताच्या बाटलीत भरून नेलं आणि भर सभागृहात उंच धरलं. आजूबाजूच्या सदस्यांनी नाकाला रुमाल लावले. मार्शलनं बाटली काढून घेतली आणि बाहेर बेसिनमध्ये ओतून रिकामीच परत दिली.

संध्याकाळी भाऊ वहिनींच्या गल्लीत शिरले, तर वहिनी दारातच उभ्या.

"वहिनी, अख्ख्या सभागृहाला दाखवलं! आता तरी..."

वहिनींची नजर त्यांच्या पिशवीवर होती.



"ते पाणी परत आणलंत ना, भाऊ? आज नळाला थेंब न्हाय. पोरगी सकाळपासून पाणी पाणी करतेय."