पाटीवरचं पोतं

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आमच्या आदिवासी वस्तीला एका गोऱ्या गुरंवाल्याचं नाव होतं. ते बदला म्हणून काकांनी अकरा वर्षं कचेरीला पत्रं लिहिली. कचेरीनं तेवढ्या काळात दोनदा हद्द सरकवली, एकदा तर आमची दफनभूमीच शेजारच्या वस्तीत गेली, पण नाव हललं नाही. शेवटी मंजुरी आली, तीही वस्तीला काकांचंच नाव द्यायची. पाटी ट्रकमधून उतरली तेव्हा काकांना पुरून तीन आठवडे झाले होते. गेलेल्या माणसाचं नाव आमच्यात वर्षानुवर्षं कुणी उच्चारत नाही. आम्ही पाटीवर पोतं टाकलं.

परवा दुपारी काकांच्या बायकोला, नांगाला काकूला, धाप लागली. ते गेल्यापासून ती रीतीप्रमाणे बोलत नाही, हातांनी खुणा करते. डॉक्टरचं विमान मागवायला मी अ‍ॅलिस स्प्रिंग्सला फोन लावला.

"वस्तीचं नाव?" फोनवरच्या बाईनं विचारलं.

मी जुनं सांगितलं.

"ते बंद झालं. नवीन सांगा."

"ते मला घेता येत नाही हो."

"अहो, मग विमान पाठवू कुठं?"

"जुन्या पाणवठ्यापाशी, दोन टाक्या आहेत बघा..."

"टाक्या नसतात कॉम्प्युटरात. थांबा, यादी बघते." आणि तिनं काकांचं नाव खणखणीत वाचलं. "हेच ना?"

फोनचा स्पीकर चालू होता. काकूनं डोळे उघडले. थकलेला हात कसाबसा उचलून तिनं मला खूण केली, 'ऐकू नाही आलं म्हणावं. पुन्हा सांग म्हणावं.'