पोर्ट सुटेपर्यंत

'पोर्ट आधीच वापरात आहे,' असा संदेश लॅपटॉपवर तिसऱ्यांदा उमटला आणि सुरजने कपाळावर हात मारला.

चाकणच्या त्या कारखान्यात तो आणि मिनल सकाळपासून एक बॉक्स बसवत होते. लाइनवरून उतरणारे पार्ट मोजून आकडा फलकावर पाठवायचा, एवढंच त्याचं काम. पण आतला प्रोग्राम बंद करून लगेच चालू केला, की स्वारी हटून बसायची. मिनिटभर आकडा गेला नाही, तर सुपरवायझर बॉक्ससकट दोघांना गेटबाहेर काढणार होते.

"कोण वापरतंय? मीच बंद केलाय ना प्रोग्राम!"

"तू केलास रे. पण पलीकडून निघालेलं काही अजून वाटेत असेल तर? म्हणून बॉक्स थोडा वेळ ते पोर्ट, म्हणजे निरोप ये-जा करायचं दार, अडवून धरतो," मिनल म्हणाली. "थांबू नकोस, असं त्याला सांगता येतं. एक ओळ घालायची फक्त."

सुरज ओळ घालायला बसला, तेवढ्यात आईचा फोन आला. त्याने तो कान आणि खांद्याच्या मध्ये धरला.

"बोल आई, पटकन."

"काय न्हाई रं, सहज केला. जेवलास का?"

"हो. ठेवू?"

"ठेव, ठेव."

आई स्वतःहून कधी फोन ठेवायची नाही. समोरच्याचं काही सांगायचं राहिलं असलं म्हणजे? सुरज यावरून तिची चेष्टा करायचा आणि तिचं 'ठेव' पुरं व्हायच्या आत लाल बटण दाबायचा. आज त्याचे दोन्ही हात कीबोर्डवर होते.

ओळ घातली. प्रोग्राम बंद, लगेच चालू. बॉक्सवरचा हिरवा दिवा लागला. मिनलने टाळीसाठी हात पुढे केला, पण सुरजचं तिकडे लक्षच नव्हतं.

त्याच्या कानात आई शेजारच्या केसरबाईंशी बोलत होती.

"न्हाई गं, न्हाई सांगितलं. कामात हाय पोरगं. डोळ्याचं आपरेशन, त्यात काय एवढं? उद्या यष्टीनं जाईन एकटीच." मग आवाज खाली आला. "भ्या वाटतंय गं. पर त्याला कशापायी घोर लावायचा?"

सुरजने कीबोर्डवरचे हात काढून फोन घट्ट धरला. 'जेवलो' म्हणणाऱ्याचा डबा पिशवीत तसाच होता आणि 'सहज केला' म्हणणारी उद्या डोळा कापून घ्यायला निघाली होती. थापा मारण्यात मायलेक एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे.

"आई," तो म्हणाला, "एकटी जायचं नाही. मी येतोय सकाळी."

पलीकडे आईने दचकून फोन उचलला. फोन कानाला लावताना तिच्या बांगड्या वाजल्या.

"आरं," आई हळूच म्हणाली, "तू अजून ठेवला न्हाईस?"