आधी तुम्ही सांगा

"म्हणजे गाढवं शोधायला निघाला आणि राज्य घेऊन आला," वडील म्हणाले. "आमच्याकडे उलटं. लोक राज्य गेल्यासारखं तोंड करून येतात आणि छत्री घेऊन जातात."

मुलगी हसली आणि ओळीवर बोट ठेवून पुढे वाचू लागली. रविवारची दुपार होती. वडील बसस्थानकाच्या हरवले-सापडले खिडकीवर एकतीस वर्षं काम करत होते. ती शहराच्या ग्रंथालयात होती. दर रविवारी ती यायची आणि ते काढून देतील ते पान मोठ्याने वाचायची. आज त्यांनी धर्मग्रंथात खूण घालून ठेवली होती. हरवलेली गाढवं शोधत एक लाजाळू तरुण संदेष्ट्याकडे येतो. संदेष्टा आधी त्याचा घोर मिटवतो, गाढवं सापडली म्हणून सांगतो. त्याच्यासाठी आधीच काढून ठेवलेला वाटा ताटात वाढायला लावतो. दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेर त्याच्या डोक्यावर राज्याभिषेकाचं तेल ओततो. राजा तू.

"घरी गेल्यावर काका विचारतो, काय म्हणाला संदेष्टा? तर हा म्हणतो, गाढवं सापडली म्हणाला. राज्याबद्दल अवाक्षर नाही."

"खोटं नाही बोलला," वडील म्हणाले. "अर्धं बोलला. का गं?"

"धीर झाला नसेल."

पुढच्या पानावर लोक राजाला शोधत होते आणि राजा सामानात लपला होता. वडिलांनी मांडीवर थाप मारली. "तुझा भाऊच की हा!"

लहानपणी शाळा सुटली की ती त्यांच्या खिडकीमागे येऊन बसायची. कोणी नाव विचारलं, की बेवारशी ट्रंकांमागे दडी मारायची. त्यांनी तिला कधी ओढून बाहेर काढलं नाही. खिडकीवरचा त्यांचा नियमही तसाच होता. वस्तू हाताशी असली तरी आपण दाखवायची नाही. "आधी तुम्ही सांगा," एवढंच म्हणायचं. माणसाने रंग, खूण, आत काय आहे ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं की मग द्यायची.

ती निघाली तेव्हा त्यांनी विचारलं, "बाकी तुझं काय विशेष?"

तिच्या पिशवीत पत्र होतं. समितीने तिला मुख्य ग्रंथपाल नेमलं होतं. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं आणि ती नाही म्हणणार होती. पुस्तकांमध्ये ती सुखात होती. मुख्य ग्रंथपाल म्हणजे ग्रंथालयातल्या सत्तर माणसांसमोर उभं राहून बोलायचं, आणि ते तिला जमणारं नव्हतं. बाबांना सांगितलं असतं तर ते हरखून गेले असते. मग नाही म्हणता आलं नसतं.

"काही नाही," ती म्हणाली. "छत्री सापडली."

ते तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "छत्री तर छत्री," ते म्हणाले. "सावकाश जा."

मंगळवारी ते कामावरून घरी आले, खुर्चीत टेकले आणि खिडकीतूनच शेजारच्या काकूंना चहा सांगितला. काकू कप घेऊन आल्या तेव्हा ते गेलेले होते. चेहरा इतका निवांत, की काकूंनी दोनदा हाक मारली.

अठ्ठावीस तारखेला ती त्यांचा कोट आणि डबा आणायला बसस्थानकावर गेली. नकाराचं पत्र पिशवीत होतं. परत जाताना द्यायचं होतं. खिडकीवर ताई होत्या. वडिलांबरोबर त्यांनी वीस वर्षं काम केलं होतं. त्यांनी कोट दिला, डबा दिला. मग फळीवरून पुठ्ठ्याचा एक खोका काढला आणि हातातच धरून ठेवला.

"हाही बाबांचा?"

"त्यांनी जमा केलेला. पण हा असा नाही देता येणार. चिठ्ठी वाच."

दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर वडिलांचं ठसठशीत अक्षर होतं. सापडल्याची जागा: सामानात. मालक: मुख्य ग्रंथपाल. खूण: स्वतःच्या तोंडाने सांगेल.

तारीख शनिवारची होती. त्या रविवारच्या आदल्या दिवसाची.

"त्यांना माहीत होतं?"

"तुमचे जुने ग्रंथपाल दर महिन्याला बसमध्ये चष्मा विसरणार आणि इथे येऊन बसणार. त्यांनीच सांगितलं. तुझे बाबा दिवसभर शीळ घालत होते, कान किटले माझे. म्हटलं, अहो, फोन करा की लेकीला. तर म्हणाले, मी कशाला? आधी ती सांगेल." ताईंनी वही पुढे ओढली आणि नाक पुसलं. "मला रडवू नकोस हं, मागे रांग आहे. बोला. कोण आपण?"

ती काहीतरी पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

तिने आत पाहिलं. ट्रंका अजून तिथेच होत्या, भिंतीला लागून. त्यांच्यामागच्या फटीत आता तिचा एक पायसुद्धा मावला नसता. ती सरळ उभी राहिली. मागच्या रांगेतल्या माणसांनी माना वर केल्या, एवढ्या मोठ्याने ती म्हणाली,

"मी मुख्य ग्रंथपाल आहे, बाबा."