पुरणपोळीच्या चवीची बिअर

"घे, हुंगून बघ," म्हणत निनादने बायकोसमोर तोंड उघडलं. नुसता चहाचा वास. केतकीला तेवढ्यापुरतं हायसं वाटलं.

रेवा जन्मली तेव्हा त्याने दारू सोडली होती, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून. थेंबही जिभेला लावणार नाही म्हणाला, आणि शब्द पाळला. घरी बिअर बनवायचा छंद तेवढा उरला होता. बनवायची आणि मित्रांना वाटून टाकायची. या खेपेला पुन्हा पुरणपोळीच्या चवीची काळी बिअर होती. गूळ, अंजीर, वेलदोडे, जायफळ. बाल्कनीतली बरणी बुडबुडत होती आणि घरभर सणासुदीचा वास सुटला होता.

तरी केतकीच्या जिवाला घोर होताच. "न चाखता तुला मसाल्याचा अंदाज येतो कसा?"

"नैवेद्याचा स्वयंपाक तुझी आई चाखून बघते का?" तो हसला.

रविवारी दुपारी तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा शेजारी रेवा नव्हती. ती धावतच बाल्कनीत गेली. निनाद बरणीपाशी उकिडवा बसला होता, आणि त्याच्या हातातला चमचा चार वर्षांच्या रेवाच्या तोंडात होता.

"थेंबभरच गं," तो गडबडून म्हणाला. "मी नाही शिवलो. हिची शपथ आहे ना मला!"

रेवाने जाणत्या माणसासारख्या मिटक्या मारल्या. "बाबा, मागच्या वेळेपेक्षा जायफळ कमी पडलंय," ती म्हणाली, आणि पुढच्या चमच्यासाठी तिने आ केला.